‘फायर इन द ब्लड’ आणि सांगलीची तारीख

गेल्या महिन्यात सांगलीतल्या एका कॉलेजात आम्ही ‘फायर इन द ब्लड’ हा माहितीपट दाखवला. कल्पना माझीच. बघायला एमएस्सीची पोरं होती, दोन-तीन प्राध्यापक होते, आणि मिरजेतल्या एका रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टर होत्या. एका विद्यार्थिनीच्या त्या आत्या, सहज आल्या होत्या. चित्रपटात फेब्रुवारी २००१ चा प्रसंग येतो. एचआयव्हीवरची तीन औषधं वर्षाला १०,००० ते १५,००० डॉलरना पडत होती, ती सिप्लाचे युसूफ हमीद ३५० डॉलरना देऊ करतात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, तिसऱ्यांदा बघत असूनही.

दिवे लागल्यावर सिस्टरांनी विचारलं, “हे दोन हजार एकला झालं होय गं? आणि गोळी मुंबईच्या कंपनीची? मग आमच्या वॉर्डात का नव्हती?”

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर मात्र वाटायला लागलं, की या चित्रपटावर मी आजवर वाचलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा हा प्रश्न जास्त धारदार आहे. पेटंट, जेनेरिक वगैरे विषयांवर तुम्ही मला अधूनमधून विचारत असताच. म्हणून आज नुसती माहिती न देता या चित्रपटाशी जरा भांडते.

आधी त्याच्या बाजूनं. डिलन मोहन ग्रे यांचा हा माहितीपट २०१३ चा, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो आपल्याकडे थिएटरातही लागला होता. निवेदन विल्यम हर्ट यांचं. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र दिली की एचआयव्हीचा रुग्ण जगतो हे स्पष्ट झालं आणि श्रीमंत देशांतले मृत्यू झपाट्यानं उतरले. आफ्रिकेत लोक मरत राहिले, कारण औषधांवर पेटंट होतं आणि पेटंटमुळे ती किंमत होती. चित्रपटाच्या हिशोबानं टाळता आले असते असे किमान एक कोटी मृत्यू त्या काळात झाले. युगांडाचे डॉ. पीटर मुगेन्यी स्वस्त भारतीय औषधं अडवणुकीला न जुमानता देशात आणतात. दक्षिण आफ्रिकेतला झॅकी अकमत स्वतः बाधित, पण सरकारी दवाखान्यात सगळ्यांना मिळत नाही तोवर मी गोळी घेणार नाही म्हणतो. ही माणसं बघताना घसा दाटतो, आणि दिग्दर्शकानं त्यासाठी फार काही खटाटोप केलेला नाही. पेटंट कायद्यासारखा रुक्ष विषय त्यानं दीड तासाच्या आत चहावाल्यालाही कळेल असा मांडलाय. मला तीन पानांच्या लेखात ते जमत नाही.

आता भांडण. चित्रपटाचं सगळं गणित एका वाक्यात येतं: पेटंट आडवं आलं म्हणून माणसं मेली, पेटंट बाजूला सारलं आणि औषध पोचलं. आफ्रिकेपुरतं हे बरंचसं खरं आहे. पण भारतात त्या काळात औषधावर पेटंटच नव्हतं.

हे थोडं उलगडून सांगते. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर आधारलेला आपला पेटंट कायदा १९७० मध्ये झाला आणि १९७२ मध्ये लागू झाला. त्यात औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नव्हतं, फक्त तो बनवायच्या पद्धतीला मिळत होतं, आणि तेही फार तर सात वर्षं. म्हणजे तुम्ही भाकरी चुलीवर भाजायचं पेटंट घेतलंत, तर मी तीच भाकरी तव्याऐवजी तंदुरात भाजून विकू शकत होते. (सांगलीत पेटंटचा विषय काढला की कुणीतरी हळदीवर येतंच, तेव्हा तेही सांगून टाकते. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीनं जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं, आणि सीएसआयआरनं जुने पुरावे दाखवून १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. तिथला मुद्दा वेगळा होता, गोष्ट नवी असण्याचा. तो पुढे येईल.) जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार रेणूला वीस वर्षांचं पेटंट आपण द्यायला लागलो ते १ जानेवारी २००५ पासून.

या सवलतीमुळेच सिप्लानं १९९३ मध्ये एझेडटी हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध भारतात आणलं, हैदराबादच्या आयआयसीटीत विकसित झालेल्या पद्धतीनं. त्यावर खटला झाला नाही, कुणी अडवलं नाही. मूळ औषधाच्या किमतीच्या तुलनेत ते स्वस्त होतं. हमीद यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय, की सरकारनं ते घ्यावं म्हणून विचारलं तेव्हा उत्तर आलं, पैसे आहेत ते प्रतिबंधासाठी, उपचारासाठी नाहीत.

म्हणजे जेनेरिक आपल्याकडे १९९३ पासून ‘उपलब्ध’ होतं, आणि सिस्टरांच्या वॉर्डात नव्हतं.

या जागी चित्रपट मला कमी पडतो. त्यात भारत दिसतो तो मुख्यतः कारखाना म्हणून. भारतीय रुग्ण म्हणून लक्षात राहतो तो मणिपूरचा शरीरसौष्ठवपटू प्रदीपकुमार सिंह. तो विलक्षण माणूस आहे यात शंका नाही. पण औषध जिथं बनत होतं त्याच देशात, मुंबईपासून एका रात्रीच्या प्रवासावर लोक त्याच औषधाविना का जात होते, हे चित्रपट विचारत नाही. विचारलं असतं तर त्याच्या खलनायकाचा चेहरा बदलला असता. औषध कंपन्यांवर राग काढणं सोपं आहे. सरकारी खरेदीच्या फायलीवर, तपासणीच्या यंत्रावर, ‘असल्या’ रुग्णाला हात लावायला कचरणाऱ्या माणसांवर कॅमेरा रोखणं अवघड.

सांगलीच्या बाबतीत हे जास्तच टोचतं, कारण इथं १९९२ पासून ‘संग्राम’चं काम सुरू होतं. संपदा ग्रामीण महिला संस्था हे तिचं पूर्ण नाव, संस्थापक मीना सेषू. गोकुळनगरमधल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया स्वतः कंडोम वाटत होत्या, एकमेकींना समजावत होत्या. त्यातूनच १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. जगभरचे अभ्यासक ते काम बघायला येत. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे नॅकोच्या जास्त प्रादुर्भावाच्या यादीत होते. म्हणजे आजार माहीत होता, माणसं माहीत होती, औषध पुणे-मुंबईकडच्या गोदामात होतं. (या स्त्रियांना बाहेरच्या कॅमेऱ्याचा अनुभवही आहे. २०१० मध्ये एका परदेशी माध्यमानं त्यांच्यावर केलेल्या माहितीपटाला त्यांनी स्वतःचा व्हिडिओ करून चोख उत्तर दिलं होतं. ग्रे यांचा कॅमेरा इथं आला असता तर त्यालाही दोन गोष्टी ऐकायला मिळाल्या असत्या.)

आता ३५० डॉलर. तेव्हाच्या दरानं वर्षाला साधारण १६,००० रुपये. तोही दर ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेसाठी, सरकारांसाठी ६०० डॉलर. खानापूर-आटपाडीकडचा गलाई कामगार किंवा जावळीतला माथाडी आणि त्यामागं गावाकडं राहिलेली बायको, यांच्या घरात हे पैसे जन्मभर, दोघांसाठी, दर महिन्याला कुठून यायचे? एचआयव्हीच्या गोळ्या म्हणजे पाच दिवसांचा कोर्स नव्हे. मध्ये थांबवल्या तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. तीन महिने घेतल्या, दोन महिने पैसे नाहीत म्हणून सोडल्या, हे काही वेळा न घेण्याइतकंच वाईट. सिस्टर म्हणाल्या, “घ्यायचे की काही जण. शेळी विकून घ्यायचे. मग शेळ्या संपायच्या.”

सरकारनं मोफत उपचार सुरू केले १ एप्रिल २००४ ला. देशभरात मिळून आठ रुग्णालयांत, आणि महाराष्ट्रासाठी मुंबईचं जेजे. म्हणजे मिरज, सांगली, कराड, साताऱ्याहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी रांगेत उभं राहायचं, तपासणी, गोळ्या, परत. पुन्हा महिन्यानं तेच. ज्याला जिना चढवत नाही त्यानं. घरी काय सांगून निघायचं तेही ठरवून. पुढे केंद्रं वाढत गेली, सांगलीतही झालं, आणि तेव्हा कुठं सिस्टरांच्या वॉर्डातली माणसं चालत घरी जाऊ लागली. चित्रपटाची तारीख २००१, कारखान्याची १९९३, जेजेची २००४, आणि सिस्टरांची त्यानंतरची. ‘जेनेरिक कधी आलं?’ या एका प्रश्नाला ही चार उत्तरं झाली.

दुसरी तक्रार माझ्या विषयातली, तेव्हा जरा सहन करा. मी स्फटिकांवर काम करते. एकच रेणू, पण घन अवस्थेत तो वेगवेगळ्या तऱ्हेनं रचला जातो, आणि रचना बदलली की विरघळण्याचा वेग बदलतो. चित्रपटात ‘भारतीय औषध मूळ औषधासारखंच आहे का?’ हा प्रश्न येतो तो कंपन्यांनी पसरवलेला संशय म्हणून, आणि बाजूला सारला जातो. संशय पसरवला गेला हे खरंच. पण प्रश्न खोटा नव्हता, आणि त्याला चांगलं उत्तरही होतं. ते चित्रपटानं द्यायला हवं होतं.

उत्तर असं. निरोगी स्वयंसेवकांना आधी एक गोळी, काही दिवसांनी दुसरी देतात, आणि ठरावीक वेळानं रक्त काढून औषध किती आणि किती वेगानं उतरलं ते मोजतात. दोन्हींचं गुणोत्तर ८० ते १२५ टक्क्यांत बसलं पाहिजे. आता हे ऐकून पुष्कळ डॉक्टरसुद्धा म्हणतात, “म्हणजे जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी चालतं!” तसं नाही. ही मर्यादा सरासरीला नसते. माणसामाणसातला फरक धरून आपल्या अंदाजाचा जो पट्टा निघतो, तो अख्खा पट्टा त्या मर्यादेत बसावा लागतो. सरासरी ८५ ला असेल तर पट्ट्याचं खालचं टोक बहुधा ८० च्या खाली घसरतं आणि औषध नापास होतं. त्यामुळे पास होणाऱ्या गोळ्यांची सरासरी मूळ औषधाच्या अगदी जवळ असते.

आणि ‘मूळ’ कंपनीची गोळी दर वेळी स्वतःसारखी असतेच असंही नाही. रिटोनाविर हे एचआयव्हीवरचंच औषध. १९९८ मध्ये त्याच्या कारखान्यात अचानक नव्या रचनेचा स्फटिक बनू लागला. तो जुन्यापेक्षा फारच कमी विरघळायचा. रेणू तोच, कंपनी तीच, ब्रँड तोच, आणि कॅप्सूल बाजारातून काढून घ्यावी लागली. आमच्या क्षेत्रात शिकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्या सहा महिन्यांत ऐकवतात.

उलट बाजूही आहे. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सिप्लाची दोन औषधं आपल्या मान्य यादीतून काढली, कारण ती रक्तचाचणी ज्या बाहेरच्या प्रयोगशाळेनं केली होती तिच्या नोंदींत गडबड सापडली. नव्या चाचण्या झाल्या आणि त्याच वर्षी ती यादीत परतली. रॅनबॅक्सीचं प्रकरण याहून फार गंभीर. कंपनीनं मे २०१३ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरले. चित्रपटाच्याच वर्षी! कॅथरीन इबन यांचं ‘बॉटल ऑफ लाइज’ हे २०१९ चं पुस्तक त्यावरच आहे. ते आणि हा चित्रपट एकापाठोपाठ घेतले तर गंमत होते. एकात भारतीय जेनेरिक म्हणजे देवदूत, दुसऱ्यात भामटा. मला दोन्हींत तीच उणीव दिसते: गोळी चांगली की वाईट हे त्या बनवणाऱ्या माणसाच्या स्वभावावरून ठरवलं जातं. हमीद भले आहेत म्हणून ट्रायोम्यून चांगली असं नसतं. ती चाचणीत उतरली म्हणून चांगली. आणि तिच्यातलं स्टॅव्हुडीन हे औषध पुढे त्याच्या दुष्परिणामांमुळे टाकून द्यावं लागलं. चेहऱ्यावरची चरबी झडायची, पायांना मुंग्या यायच्या. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते हळूहळू बंद करा असं सांगितलं. या बाजूवर चित्रपट थांबत नाही. सिस्टरांना मात्र तो चेहरा बरोबर आठवत होता. “गाल बसलेला माणूस दिसला की गावात लोक ओळखायचे,” त्या म्हणाल्या.

चित्रपटाच्या शेवटाबद्दल थोडक्यात. २००५ नंतर हे सगळं पुन्हा बंद होणार, असा इशारा देऊन तो संपतो. तो अर्धा खरा ठरला. नव्या रेणूंना पेटंट मिळू लागली. पण आपल्या दुरुस्त कायद्यात कलम ३(डी) होतं: जुन्याच रेणूचं नवं रूप आणलं, तर ते जास्त गुणकारी असल्याचं दाखवल्याशिवाय पेटंट नाही. त्याच कलमावर १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिसचा ग्लिवेकबाबतचा दावा फेटाळला. तिथं वाद स्फटिकाच्या एका रूपाचाच होता, त्यामुळे आमच्या लॅबमध्ये त्या निकालावर मतभेद अजून मिटलेले नाहीत. टीबीवरच्या बेडाक्विलीनचंही तसंच. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले, टीबीच्या औषधांनी श्रवणशक्ती गमावलेल्या दोघी. त्यांनी विरोध नोंदवला आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयानं त्या औषधाच्या क्षाररूपाचं, म्हणजे मुदत लांबवणारं पेटंट नाकारलं. मूळ पेटंट त्या जुलैत संपलं. एचआयव्हीची आजची तीन औषधांची एकच गोळी वर्षाला ४५ डॉलरच्या खाली आली आहे, आणि तीही पेटंट न मोडता, परवाने घेऊन. असा रस्ता निघेल हे चित्रपटाला दिसलं नव्हतं. त्याबद्दल त्याला दोष देत नाही.

तुम्ही म्हणाल, एचआयव्हीचं सगळं जुनं झालं. तर घरचं उदाहरण देते. माझं घर साताऱ्यात. बाबांना मधुमेह आहे, आणि एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे. त्याचं पेटंट ११ मार्च २०२५ ला संपलं. ६० रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी त्याच आठवड्यात साडेपाच रुपयांपासून मिळू लागली. डझनावारी कंपन्या उतरल्या, पेपरात मथळे आले. मी घरी फोन करून सांगितलं, “बाबा, पुढच्या महिन्यापासून तुमचे दीडेक हजार वाचणार.”

ऑगस्टात घरी गेले तेव्हा डब्यात जुनीच स्ट्रिप. मेडिकलवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, “चिठ्ठीवर जे नाव आहे तेच द्यावं लागतं गं, माझ्या मनानं बदलता येत नाही.” आणि ते बरोबर बोलत होते. औषध नियम १९४५ मधल्या नियम ६५ चा पोटनियम ११-अ तेच सांगतो: शेड्यूल एचच्या औषधाच्या बदल्यात दुसरी कंपनी द्यायची नाही, आतलं औषध तेच असलं तरी. अमेरिकेत फार्मासिस्ट स्वतः बदलून देतो. आपल्याकडे स्वस्त औषधं बनवायचं स्वातंत्र्य कारखान्याला पन्नास वर्षांपूर्वी मिळालं, काउंटरवर अजून नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांनी जेनेरिक नावानंच लिहावं अशी सक्ती करणारे नियम निघाले, आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. डॉक्टरांचं म्हणणं, मी नाव नाही लिहिलं तर कुठली कंपनी द्यायची ते दुकानदार ठरवेल, आणि ज्यात त्याला जास्त सुटतं तीच देईल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रक्तचाचणीचे निकाल गोळीगोळीला उघड असते तर तो निम्मा विरला असता. २०१७ पर्यंत तर बऱ्याच औषधांना ती चाचणी आपल्याकडे सरसकट सक्तीची नव्हतीच.

बाबांना म्हटलं, डॉक्टरांना विचारा. ते म्हणाले, “त्यांना पैशाचं कसं विचारायचं?” शेवटी मीच बरोबर गेले. डॉक्टर चांगले आहेत. मान वर न करता म्हणाले, “हो, आता स्वस्त आलंय की,” आणि अर्ध्या मिनिटात नाव बदलून दिलं. नवी चिठ्ठी फ्रिजवर लावली आहे. तिच्यावरची तारीख ९ सप्टेंबर २०२५.